शेक नको

परळहून अँटॉप हिलला मी लग्नानंतर शेकडो वेळा आले असेन, पण वाटेत किती स्पीडब्रेकर आहेत ते ऑपरेशननंतर घरी येताना मोजून कळलं. छातीवर लहान उशी, तिच्यावरून सीटबेल्ट. कॅन्सरमुळे डावा स्तन काढला होता आणि त्याच वेळी आत सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं होतं. काखेखालून एक नळी, तिच्या टोकाला ड्रेनची बाटली. सेक्टर सातमधल्या आमच्या सरकारी क्वार्टरचे दोन जिने चढून आले, तर आतल्या खोलीत सासूबाईंनी डिंकाचे लाडू, सहाण, आंबेहळद, रक्त्याबोळ आणि गरम पाण्याची पिशवी मांडून ठेवलेली. त्यांच्या हिशेबी मी बाळंतीण.

तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त होती. कातडी ताणून चकाकत होती. जांभळाचा डाग पडावा तसं काळंनिळं झालेलं, आणि रोज सकाळी ते थोडं खाली सरकलेलं दिसायचं; पाचव्या दिवशी बरगड्या ओलांडून पोटावर आलं. मी घाबरून फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साकळलेलं रक्त उतारालाच लागणार, पाण्यासारखं.

"शेकल्याशिवाय विरायचं नाही हे," सासूबाई म्हणाल्या. मी जवळजवळ हो म्हटलंच होतं. मुका मार लागला की आंबेहळदीचा लेप आणि वर शेक, यावरच तर वाढलो आपण.

पण ड्रेसिंग करताना सिस्टरनं माझंच बोट माझ्या छातीवर टेकवलं होतं. बोटाला छाती कळली, छातीला बोट कळलं नाही. ऑपरेशनमध्ये नसा तुटतात. "चटका बसला तरी तुम्हाला समजणार नाही, फोड आला की दिसेल," ती म्हणाली. बर्फाचंही तेच. टाक्यांवर लेप तर नाहीच. बहिणीनं अर्निकाच्या गोळ्या आणल्या होत्या. डॉक्टरीणबाईंच्या मते त्यांचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा नव्हता, म्हणून त्या कपाटातच राहिल्या. यांच्या पाठदुखीच्या गोळ्यांनाही हात लावायचा नव्हता. त्यातल्या काहींनी रक्तस्राव वाढतो.

मग करायचं काय? फारसं काहीच नाही, आणि आमच्या घरात हेच कुणाला पचेना. तीन उशांना टेकून अर्धवट बसल्यासारखं झोपायचं. पुढून हूक असलेली, तारेशिवायची मऊ ब्रा रात्रंदिवस. बादली उचलायची नाही, हात खांद्यावर न्यायचा नाही, पण घरातल्या घरात फिरत राहायचं. पापड-लोणचं कमी. एकच गोष्ट फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवली होती: छाती एकाएकी फुगून टणक झाली, दुखणं वाढलं, लाली किंवा ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही.

गरम पाण्याची पिशवी परत गेली. सासूबाई दोन दिवस घुम्या होत्या. मग त्यांनी जुन्या इरकलीचा बटवा शिवला, ड्रेनची बाटली अडकवायला गळ्यातली दोरी लावून. रोज सकाळी आठला बाटलीतलं पाणी मोजून वहीत लिहायचं कामही त्यांनीच घेतलं. नव्वद, सत्तर, पंचावन्न. रक्ताचा लाल रंग फिका होत गेला. चोवीस तासांत तीसच्या खाली, असं सलग दोन दिवस आल्यावर नळी निघाली. त्या दिवशी वहीत त्यांनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या, वाण्याच्या हिशेबासारख्या.

एका दुपारी त्यांना सांगितलं की सिलिकॉनचं पहिलं इम्प्लांट 1962 मध्ये अमेरिकेत, ह्यूस्टनला बसवलं. ती बाई गेली होती छातीवरचं गोंदण काढायला. डॉक्टरांनी हे सुचवलं, तर म्हणाली, मला खरं तर कान नीट करून हवेत.

"मग केले का कान?"

"केले. तेही केले."

"मग ठीक," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या आठवड्यात जांभळ्याचं हिरवं झालं, मग पिकल्या आंब्याच्या सालीसारखं पिवळं. सूज मात्र रेंगाळली; दोन महिन्यांनीही संध्याकाळी जड वाटायचं. शेजारणींना मी "छोटं ऑपरेशन" एवढंच सांगितलं होतं. पण गॅलरीतली कपड्यांची दोरी कमरेइतकी खाली बांधलेली सगळ्या बिल्डिंगला दिसत होती. ती सासूबाईंनी कधी उतरवली, मला कळलंच नाही.