डॉ. श्रीराम लागू : शस्त्रक्रियेच्या टेबलापासून रंगमंचापर्यंत

स्वातंत्र्योत्तर मराठी रंगभूमीवरील डॉ. श्रीराम लागू (१९२७-२०१९) यांच्या कामाचा विचार त्यांच्या वैद्यकीय पेशापासून तोडून करता येत नाही. पुण्यात आणि काही काळ टांझानियात कान-नाक-घशाचे शल्यविशारद म्हणून ते काम करीत होते आणि भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनमध्ये, म्हणजे पुणेकर जिला पीडीए म्हणतात त्या संस्थेत, हौशी नट म्हणून त्यांची जडणघडण झाली होती. वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकापासून, १९६९ मध्ये, त्यांनी व्यावसायिक रंगभूमी पत्करली. ही रंगभूमी तिकीटविक्रीवर चालते आणि तीच भूमिका प्रयोगामागून प्रयोग तितक्याच ताकदीने उभी करण्याची सक्ती नटावर करते. चाळिशी उलटल्यावर जम बसलेला व्यवसाय सोडून तोंडाला रंग लावण्याचा हा निर्णय धाडसाचाच होता.

त्या निर्णयाची खरी कसोटी पुढच्याच वर्षी लागली. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या दिग्दर्शनाखाली दि गोवा हिंदू असोसिएशनने १९७० मध्ये रंगमंचावर आणले आणि त्यात त्रेचाळिशीतल्या लागूंनी निवृत्त, वृद्ध नट अप्पासाहेब बेलवलकर उभा केला. या नाटकाचा भार स्वगतांवर आहे. स्वगत म्हणजे पात्राने आपल्या मनाशी केलेले, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचावे लागणारे भाषण. ते पेलताना शब्दांची आतषबाजी करण्याचा मोह नटाला सहज होतो, आणि लागूंचे श्रेष्ठत्व या मोहाला विचाराचा लगाम घालण्यात आहे. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी यांनीही बेलवलकर समर्थपणे केले, तरी तुलना मात्र लागूंशीच होत राहिली.

चित्रपटात हाच संयम अधिक उपयोगी पडला. व्ही. शांतारामांच्या ‘पिंजरा’मध्ये (१९७२) आदर्शवादी गुरुजी तमाशातील नर्तकीच्या मोहात पडतो, गाव त्याला मृत समजून त्याचा पुतळा उभारते आणि अखेर त्याच्यावर स्वतःच्याच खुनाचा आरोप येतो, अशी अतर्क्य वाटावी अशी कथा त्यांच्या चेहऱ्यावरील अपराधभावामुळे विश्वसनीय होते. जब्बार पटेलांच्या ‘सामना’मध्ये निळू फुले यांच्या हिंदूराव धोंडे पाटलासमोर त्यांनी दारूच्या आहारी गेलेला मास्तर साकारला, तर ‘सिंहासन’मध्ये (१९७९) अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे.

हिंदीत ‘घरौंदा’सारखा अपवाद सोडला, तर वडील, न्यायाधीश किंवा डॉक्टर यांच्या साचेबद्ध भूमिकाच त्यांच्या वाट्याला अधिक आल्या आणि एवढ्या मोठ्या नटाचा तो अपव्ययच होता. मराठी रंगभूमी मात्र त्यांनी सोडली नाही. सत्तरी ओलांडल्यावर, १९९९ मध्ये, त्यांनी मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’मध्ये सॉक्रेटिस साकारला. त्यांचे रंगमंचावरील काम ज्यांनी पाहिले नाही, त्या अभिनयाच्या विद्यार्थ्यांनी ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ लागोपाठ पाहावेत आणि मास्तराचा व अर्थमंत्र्याचा आवाज एकाच गळ्यातून कसा वेगळा निघतो, याकडे लक्ष द्यावे.