अभिप्रेत वाचकाचे डोळे

कोथरूडमधील नेत्रचिकित्सालयांची संकेतस्थळे आम्ही गेल्या काही आठवड्यांत बरीच वाचली. संकेतस्थळ 'पाहिले' असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण आमचा पेशा साहित्य शिकवण्याचा, आणि संहिता समोर आली की ती वाचण्याची खोड जात नाही. निमित्त घरगुती होते. आमच्या मावशींना मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घ्यायची आहे, आणि कोठे करायची हे त्यांना स्वतः वाचून ठरवायचे होते. त्यांना ते वाचता आले नाही.

वोल्फगांग ईझर यांच्या १९७२ च्या ग्रंथामुळे 'अभिप्रेत वाचक' ही संकल्पना आपल्या वर्गांतून परिचित आहे. प्रत्येक संहिता आपल्या वाचकाची एक प्रतिमा स्वतःच गृहीत धरते. या संकेतस्थळांचा अभिप्रेत वाचक कोण? पंचविशीतला, इंग्रजी जाणणारा आणि ६/६ दृष्टीचा. पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर फिकट राखाडी, सडपातळ अक्षरे. एक वाक्य वाचून होईतो सरकून जाणारी चित्रे. आणि 'कॅटरॅक्ट', 'रेटिना', 'ग्लॉकोमा'. मोतीबिंदूत डोळ्याला रंगछटांतील फरक कमी जाणवतो, उजेड पसरतो, पांढरा पडदा दिपवतो. म्हणजे ज्याच्यासाठी दुकान मांडले, नेमका तोच उंबऱ्याबाहेर.

यातला उपरोध असा की अक्षर मोजण्याचे शास्त्र मुळात नेत्रतज्ज्ञांचेच. १८६२ साली उट्रेख्टच्या हेर्मान स्नेलेन यांनी तयार केलेल्या तक्त्याची तत्त्वे आजही पाळली जातात. सहा मीटरवरून ६/६ च्या ओळीतील अक्षर डोळ्याशी एका अंशाच्या बाराव्या भागाएवढा कोन करते. म्हणून त्याची उंची सुमारे पावणेनऊ मिलिमीटर. तपासणीच्या खोलीत इतका काटेकोरपणा, आणि त्याच दवाखान्याच्या संकेतस्थळावर मात्र अक्षर किती मोठे असावे हे आरेखनकाराच्या आवडीवर! वास्तविक तेथेही मोजमाप उपलब्ध आहे. महाजालाच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष २००८ पासून सांगत आले आहेत की साध्या मजकुरात अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, मजकूर दुप्पट मोठा करता यावा, आणि आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक काळ हलत राहणारी चित्रे वाचकाला थांबवता यावीत.

देवनागरीचा प्रश्न याहून बिकट आहे. शिरोरेखेच्या वर वेलांट्या व मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरांची दाटी. रोमन लिपीसाठी ठरवलेल्या आकारात मराठी मजकूर ओतला की अक्षराचा गाभा आक्रसतो. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा टंक र. कृ. जोशी या कवी-सुलेखनकाराने घडवला, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. युनिकोड रुळून इतकी वर्षे झाली, तरी आम्ही वाचलेल्या काही पानांवर मराठी मजकूर जुन्या टंकात जुळवून चित्र म्हणून चिकटवलेला आढळला. चित्रातले मराठी मोठे केले की धुरकट होते. पडदावाचक प्रणालीला तर त्यात सहसा अक्षरे सापडतच नाहीत. ती गप्प राहते. ज्या कोथरूडात अंध मुलींची शाळा आहे, तेथे ही शांतता अधिकच खटकते.

पुढे काय येणार, याविषयी व्यावसायिकांकडून जे ऐकू येते ते झगमगीत आहे: आपोआप उत्तरे देणारे संवादयंत्र, कॅमेऱ्यातून चेहऱ्यावर चढणारी चष्म्याची चौकट, घरबसल्या दृष्टिमापन. चौकटीचे कौतुक आम्हांला फारसे नाही. आवाजाचे आहे. बोलून वेळ ठरवता यावी आणि मजकूर कानांनी वाचता यावा, ही दिशा योग्य वाटते. आणि आता ती केवळ सौजन्याची बाब राहिलेली नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीसंबंधीच्या प्रकरणात डिजिटल सुगम्यता हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. खटला बँका आणि दूरध्वनी-जोडण्यांच्या ओळखपडताळणीचा होता, दवाखान्यांचा नव्हे. तरी ते तत्त्व दवाखान्याच्या दारावरून वळसा घालून जाईल असे वाटत नाही.

मावशींचा मुलगा परदेशी असतो. तो तेथून संकेतस्थळ चाळतो आणि दूरध्वनीवर आईला अर्थ सांगतो. कोथरूडातल्या कितीतरी घरांत अशीच पाठशाळा चालत असावी. मावशींचे प्रश्न मात्र त्या पानांवर कोठेच नव्हते. भूल पूर्ण देतात का? दुसरा डोळा किती दिवसांनी? औषधाचे थेंब आठवड्यागणिक कमी करायचे असतात. तर हात थरथरत असेल आणि घरात दुसरे कोणी नसेल, तर ते घालायचे कसे? "पडद्याला काही होणार नाही ना, एवढं कुणीतरी मराठीत लिहून ठेवायला काय हरकत आहे?" असे त्यांनी आम्हांला विचारले.

हे लिहायचे तर नेत्रतज्ज्ञाशेजारी मराठी नीट येणारे कोणीतरी बसायला हवे. आम्ही गेली अनेक वर्षे विद्यार्थ्यांना कवितेचे रसग्रहण लिहायला लावतो; शस्त्रक्रियेनंतरच्या सूचनांची दहा वाक्ये, मोठ्याने वाचली तरी कळतील अशी, लिहून आणायला अजून कधी सांगितलेले नाही. या सत्रात सांगणार आहोत. पहिले वाक्य मावशींना वाचून दाखवायचे ठरले आहे.