थाळीतला पळस

व्हर्जिनियात राहणाऱ्या पुतण्याने चार वर्षांपूर्वी एक छायाचित्र पाठविले. पसरट थाळीत हातभर उंचीचे डॉगवुडचे झाड आणि अंगभर पांढरा बहर. त्यातील पाकळ्या म्हणजे खरे तर रंगलेली पाने. खरी फुले मध्यभागी, अगदी बारीक. मला मोह झाला. परंतु त्या झाडाला कडाक्याची थंडी लागते. मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या आमच्या गोंदियात ते तगणारे नव्हे.

मग नागझिऱ्याच्या वाटेवर फाल्गुनात फुलणारा पळस आठवला. शेताच्या धुऱ्यावरचे एक रोप उकरून आणले. पळसाचे सोटमूळ खोल जाते. उथळ थाळीत बसावे म्हणून ते छाटले. फांद्यांना तार गुंडाळली. पाणी बेताने, खत त्याहून बेताने.

पर्युषणात प्रतिक्रमण करताना अहिंसाणुव्रताचे अतिचार आले. जीवाला बांधणे, त्याचा अवयव छेदणे, त्याचे अन्नपाणी तोडणे... डोळ्यांसमोर तार, कात्री आणि झारी उभी राहिली. घरी येऊन थोरल्या बंधूंना विचारले. ते म्हणाले, “हे अतिचार त्रस जीवांविषयीचे आहेत. श्रावकाला स्थावराची हिंसा सर्वथा टळत नाही. भाजी चिरतोसच ना?” मी सुटलो असे वाटले. तोच ते पुढे म्हणाले, “भाजी पोटासाठी. हे कशासाठी?”

हा प्रश्न व्यापाऱ्याला नेमका कळतो. प्रयोजनावाचून माती उकरणे, वनस्पती छेदणे याला अनर्थदंडात प्रमादचर्या म्हटले आहे. या झाडाच्या खात्यात नावे बरेच पडले होते. जमेला काय, ते सापडेना. बोन्साय करणारे म्हणतील, की थाळीतले झाड रानातल्याहून अधिक जपले जाते आणि जपानात शतकाहून जुनी बोन्साय आहेत. ते खोटे नाही. रोज सकाळी झाडापुढे स्थिर बसणाऱ्याची करुणा वाढतही असेल. माझी करुणा वाढत होती की अभिमान, हे मला ठरविता येईना. पाहुणे आले की चहाच्या आधी मी थाळी दाखवीत असे!

त्याच दिवशी तार काढली. सालीवर वळ उमटले होते. पावसाळ्यात माती उकरायची नाही हा घरचा नेम, म्हणून झाड पुढच्या ज्येष्ठात, पहिला पाऊस पडताच, चातुर्मास बसण्यापूर्वी मूळच्या धुऱ्यावर लावले. महिनाभरात सारी पाने गळली. गडी म्हणाला, “गेलं, शेठजी.” पण पळस मुळांपासून पुन्हा फुटतो. दिवाळीनंतर बुंध्याशी एक कोंब दिसला. आज तो कमरेएवढा, सरळ उभा आहे. मी वळविलेले खोड त्याच्या शेजारी अजून तसेच वाकडे आहे.