जुनं डोकं, नवी मोटर

"नवं घे नाहीतर जुनं घे, पाटल्या तुझ्याच जाणार!" असं म्हणून ह्यांनी वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. म्हणजे निर्णय माझ्या गळ्यात!

प्रश्न होता शिवणयंत्राचा. घरातलं पायाचं नव्हे, कारखान्यात असतं तसलं, मोटरवर धावणारं. आम्ही सोलापूरचे. शाळेच्या गणवेशांचा धंदा इथं मोठा. मी शाळेत तासांवर शिकवते, म्हणजे मे महिन्यात हातात छदाम नाही आणि गणवेशांची घाई नेमकी तेव्हाच. 2023 च्या उन्हाळ्यात जाऊबाईंनी आणि मी पायाच्या यंत्रावर आळीपाळीनं बसून 200 शर्ट शिवायला घेतले. झाले 140. उरलेलं कापड व्यापारी घेऊन गेला, वर पैसेही कापले. जाऊबाईंचे गुडघे दिवाळीपर्यंत धरलेले होते.

नवं यंत्र टेबल-मोटरसकट 26 हजार, जुनं 11 हजार. "अगं, 22 हजारांत दोन येतील! दोघी बसू," जाऊबाईंचा हिशेब चोख. बँकेत जाऊन आले. 2015 पासून मुद्रा योजनेत 50 हजारांपर्यंतचं 'शिशु' कर्ज मिळतं. पण साहेबांनी यंत्राचं कोटेशन मागितलं. जुनं यंत्र विकणाऱ्याकडे साधी पावतीसुद्धा नव्हती. आणि नव्यासाठी कर्ज काढायचं तर हप्ता बारा महिने, काम मात्र तीनच महिने. मला धीर होईना.

शेवटी आमच्या पायाच्या यंत्राची दुरुस्ती करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बरोबर घेतलं. पर्समध्ये मलमलीची चिंधी, खाकी ड्रिलचा तुकडा आणि घरचाच दोरा. पहिलं यंत्र नव्या नवरीसारखं चकचकीत! जाऊबाई तर पैसेच काढायला लागल्या. मिस्त्रींनी चाक हातानं फिरवलं, ते मध्येच अडकलं. पट्टी काढून पाहिलं तर शटलचं टोक झिजून बोथट झालेलं. खालच्या ट्रेमधलं तेल काळंकुट्ट. ड्रिलच्या चार घड्या सुईखाली सरकवल्या, तर दर चार बोटांवर टाका सुटलेला. "ताई, दोरा खराब आहे तुमचा," दुकानदार म्हणाला. असेल बापडा!

कोपऱ्यातलं दुसरं यंत्र रंग उडालेलं, अगदी दीनवाणं. पण चाक लोण्यासारखं फिरलं, सुईचा दांडा जराही हलला नाही आणि मलमल काय, ड्रिल काय, टाका एकसारखा. फक्त त्याची क्लच मोटर! पेडल दाबा न दाबा, बटण चालू असेतो ती घूं घूं करत वीज खात राहते. "बिडाचं डोकं आहे, टिकेल. मोटर तेवढी नवी बसवा," मिस्त्री म्हणाले. नवी सर्व्हो मोटर पेडल दाबलं तरच फिरते, आवाज नाही, वेगही कमी ठेवता येतो. आमच्यासारख्या शिकाऊंना ते फारच बरं. घासाघीस करून यंत्र 10 हजारांना आणि मोटर साडेचार हजारांना पडली. दोनऐवजी एकच आलं म्हणून जाऊबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

2024 च्या जूनमध्ये, ऐन घाईत, ते बंद पडलं. नव्याला गॅरंटी असते, माणूस घरी येतो. इथं मीच मिस्त्रींच्या दारात. दीड दिवस गेला. मिस्त्री शेजारच्याच गल्लीत राहतात म्हणून निभावलं. ज्यांच्या जवळपास असा कारागीर नाही, त्यांनी जुन्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

300 शर्ट मात्र शाळा उघडण्याआधी पोचले. एक पाटली सुटली, दुसरी अजून सावकाराकडेच आहे. जाऊबाई आता म्हणतात, दुसरं यंत्र नवंच घेऊ, कोटेशनसुद्धा घेऊन आल्यात. ते फ्रिजवर बरणीखाली ठेवलं आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.