चार नंबरचा लाल

जेम्स जेसिमन ऑस्ट्रेलियातला. १९९७ मध्ये, ऐन विशीत, तो वारला. मी त्याचं नाव पहिल्यांदा वाचलं ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, एका फाइलच्या माथ्यावर. ३००१.डॅट ही ती फाइल. लेगो म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे जो दोन बाय चारचा ठोकळा येतो, तो तिथे निव्वळ आकड्यांत लिहिलेला आहे. साध्या नोटपॅडमध्ये ती उघडते. वरच्या ओळींत ठोकळ्याचं नाव, फाइलचं नाव, मग कर्त्याचं: जेम्स जेसिमन. या माणसाचं मी देणं लागते आणि ते एकदा नीट लिहून ठेवावं, असं फार दिवस मनात होतं.

मला एसटी करायची होती. लाल, खिडक्यांखाली पिवळा पट्टा, मागे शिडी, टपावर सामानाचं कॅरिअर. माझं बालपण सांगलीत गेलं आणि आजोळ रत्नागिरीकडचं, त्यामुळे सुट्टी म्हणजे आंबा घाट आणि आंबा घाट म्हणजे एसटी. लेगोच्या ठोकळ्यांतून माणसं स्वतःच्या मनाची मॉडेलं करतात, हे मला पुण्यात नोकरीला लागल्यावर कळलं. डब्यावरच्या चित्रातली नव्हेत. आपल्या गावचं स्टेशन, आजोबांचा ट्रॅक्टर, आपल्या शहरातली ट्राम. अशी माणसं आपल्या मॉडेलला ‘मॉक’ म्हणतात. कुणा हॉलंडमधल्या माणसाने केलेली ट्राम बघताना मला वाटलं, या रांगेत आपली लाल गाडी उभी राहायला हवी.

पण तेवढी गाडी करायची तर लाल ठोकळे शेकड्यांनी लागतात आणि पुण्यातल्या दुकानांत मिळत ते डबे. डब्यात किल्ला असतो, अवकाशयान असतं. त्यात लाल प्लेटा, म्हणजे पातळ ठोकळे, असतील-नसतील. कितीएक डबे फोडावेत तेव्हा गाडीची एक बाजू उभी राहणार. माझ्या तेव्हाच्या पगारात ते बसण्यासारखं नव्हतं. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या एका मुलाने हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्हवर एल-ड्रॉ, कॉम्प्युटरवर ठोकळे रचायचं साधन, आणून दिलं. “फुकट आहे,” म्हणाला. “हवे तेवढे लाल घे.” तो मुलगा पुढे नोकरी बदलून गेला. त्याचंही ऋण या हिशेबात आहे.

एल-ड्रॉ मुळात जेसिमनचं. त्याने १९९५ मध्ये डॉसवर चालणारे दोन छोटे प्रोग्रॅम लिहिले. एक मॉडेलचं चित्र काढणारा, दुसरा ते रचायला मदत करणारा. ते प्रोग्रॅम आता कुणी फारसं वापरत नाही. टिकली ती त्याने घालून दिलेली, ठोकळा लिहून काढायची रीत. एक ओळ म्हणजे एक ठोकळा:

१ ४ ० ० ० १ ० ० ० १ ० ० ० १ ३००१.डॅट

पहिला १ सांगतो, इथे एक भाग ठेवा. पुढचा ४ रंगाचा. चार नंबर म्हणजे लाल. मग तीन आकडे जागेचे, नऊ आकडे तो भाग कसा वळवला आहे त्याचे, आणि शेवटी भाग कोणता ते. एवढंच. अशा ओळी एकाखाली एक लिहीत गेलं की कॅथीड्रल होतं, आगगाडी होते, एसटीही होते.

माझे बाबा कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपर यांवर त्यांची सगळी नोकरी झाली. त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला तो निवृत्तीच्या तोंडावर. पुण्याला आले असताना मी त्यांना माझी फाइल दाखवली. चष्मा कपाळावर सरकवून ते एकेक ओळ बोटाने वाचत गेले आणि एका जागी थांबले. तिथे मी एका ठोकळ्यावर दुसरा चढवला होता.

“हा वजा चोवीस कसला?”

“बाबा, इथे वाय खाली जातो. वर चढायचं तर वजा.”

“असं कुठे असतं का गं?” थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “असू दे. त्याने एकदा ठरवलंय ना, मग सगळ्यांनी तेच धरायचं. नाहीतर ड्रॉइंग कुणालाच वाचता येणार नाही.”

चोवीस कुठून आले तेही त्यांनीच शोधलं. व्हर्नियर कॅलिपर त्यांच्या बॅगेत कायम असे. ठोकळ्याची उंची निघाली ९.६ मिलिमीटर. शेजारच्या दोन स्टडमधलं, म्हणजे माथ्यावरच्या गोल उंचवट्यांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, ८. प्लेटची जाडी ३.२. स्टडचा व्यास ४.८. त्यांनी चारही आकडे पाठकोऱ्या कागदावर मांडले, प्रत्येकाला ०.४ ने भागलं आणि उत्तरं एकाखाली एक लिहिली: २४, २०, ८, १२. कुठेही दशांश चिन्ह नाही. मिलिमीटर बाजूला ठेवून जेसिमनने आपलं एकक असं निवडलं होतं की लेगोची मुख्य मापं पूर्णांकात उतरावीत. बाबा त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. “माणूस मापाचा आहे,” ते म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून फार थोड्यांच्या वाट्याला आले आहेत.

या आकड्यांनी मला माझी गाडी दाखवली. पाच प्लेटांची थप्पी ४० होते आणि दोन स्टडची रुंदीही ४०. म्हणजे ती थप्पी आडवी केली तर दोन स्टडच्या जागेत चपखल बसते. ठोकळे आडवे, उलटे, भिंतीला लावल्यासारखे रचणाऱ्यांची बरीचशी कला या बरोबरीवर चालते. (ही बरोबरी मुळात ठोकळ्यातली, तेव्हा डेन्मार्कमधल्या, लेगोच्या बिलुंड गावाचंही देणं इथे येतंच. गॉडफ्रेड किर्क क्रिस्टियान्सन यांनी आतून नळ्या असलेल्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला, आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर अजून घट्ट बसतो.) एसटीचा पिवळा पट्टा सरळ रचला तर दोन प्लेटांचा होतो नाहीतर तीनांचा. आडव्या लावलेल्या गुळगुळीत टाइलचा तो बरोबर अडीच प्लेटांचा होतो, आणि माझ्या डोळ्यांपुढच्या गाडीला तेवढाच शोभत होता.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ३००१.डॅटमध्ये स्टड आठ वेळा काढलेला नाही. स्टडची वेगळी एक फाइल आहे, तीही जेसिमनचीच, आणि ठोकळा तिला आठ वेळा बोलावतो. त्या फाइलीत रंगाच्या जागी १६ असतो. त्याचा अर्थ, ज्याने बोलावलं त्याचा रंग घे. मी चार नंबर एकदाच सांगायचा. ठोकळा लाल होतो आणि त्याचे आठही स्टड लाल होतात. सांगलीची कुणी मुलगी पुढे लाल गाडी करणार आहे हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण ज्याला जो रंग हवा तो घेऊ द्यावा, ही सोय त्याने करून ठेवली होती.

जेसिमन गेला तेव्हा एल-ड्रॉतल्या भागांच्या फाइलींचा संग्रह लहान होता. तो तिथेच थांबला असता तरी कुणी कुणाला बोल लावला नसता. पण जेसिमनला कधीही न भेटलेल्या माणसांनी तो हाती घेतला. मायकेल लाखमान यांनी एमएल-कॅड लिहिलं आणि विंडोजवर माऊसने ठोकळे उचलून ठेवता येऊ लागले. लार्स हासिंग यांच्या एल-थ्री-पीमुळे मॉडेलची खऱ्यासारखी चित्रं निघू लागली. लिओनार्डो झिदे यांचं लिओ-कॅड आलं. जेसिमनच्या नावाने स्मृतिपुरस्कार सुरू झाला. आणि भाग वाढत गेले. एक नवा भाग म्हणजे कुणीतरी खरा तुकडा हातात घेऊन मोजायचा, त्याचा प्रत्येक पृष्ठभाग त्रिकोण-चौकोनांत फोडायचा, मग इतरांनी तो तपासून मत द्यायचं, आणि तेव्हा कुठे तो संग्रहात दाखल व्हायचा. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर, सातबाऱ्यावरच्या फेरफारासारख्या, तारीखवार नोंदी असतात: कुणी लिहिला, कुणी कोपरा दुरुस्त केला, कुणी नाव बदललं. यातल्या कुणाला पैसा मिळालेला नाही आणि कर्त्याचं श्रेय राखून संग्रह कुणीही वापरावा अशी त्याची मोकळी परवानगी आहे. लेगो कंपनीने स्वतःचा रचनेचा प्रोग्रॅम २०२२ मध्ये बंद केला आणि त्याच्या जागी ब्रिकलिंकचं स्टुडिओ पुढे केलं. त्या स्टुडिओतले ठोकळेही या संग्रहातूनच आले आहेत.

ब्रिकलिंकवरूनच माझे लाल ठोकळे पुण्यात पोचले. डॅन येझेक या तरुणाने २००० साली हा सुट्या ठोकळ्यांचा बाजार सुरू केला. तोही २०१० मध्ये अकाली गेला. लेगोने तो बाजार २०१९ मध्ये विकत घेतला. माझ्या गाडीला नेमके किती आणि कोणते भाग लागणार हे फाइलीत आधीच लिहिलेलं होतं, म्हणून जुने, वापरलेले, पण रंग न उडालेले तुकडे मोजून मागवता आले. टपालखर्च आणि कस्टम जड गेलं, तरी फुकट गेलेला तुकडा एकही नव्हता. गाडी उभी राहिली तेव्हा बाबांनी ती हातात घेऊन पहिल्यांदा उलटी केली आणि दोन्ही आसांची मापं घेतली.

त्या जुन्या तुकड्यांत शिडीचा एक भाग असा आला की त्याचा साचा निराळा होता आणि तसा संग्रहात सापडेना. बाबांनी कॅलिपर माझ्याकडेच ठेवून दिला होता. मी तो तुकडा मोजला, फाइल लिहिली आणि पाठवली. तपासणाऱ्यांपैकी एकाने मला लांबलचक टिपण लिहिलं. आतल्या बारीक कडेची खोली दोन्ही टोकांना सारखी आहे का, कॅलिपरचा जबडा तिथपर्यंत पोचत नसेल तर कागदाची घडी कशी घालून मोजावं, कुठली ओळ कडेची लिहावी आणि कुठली वळणाची, सगळं पायरीपायरीने. मी कोण, काय करते, याची चौकशी नाही. एवढ्या आस्थेने मला त्याआधी फक्त बाबांनीच शिकवलं होतं. फाइल दाखल झाली. तिच्या कर्त्याच्या ओळीत माझं नाव आहे आणि तिच्यातला एक भाग जेसिमनच्या काळातल्या एका मूळ आकाराला बोलावतो.

आता तपासणाऱ्यांच्या यादीत मीही आहे. सध्या माझ्याकडे एका नव्या मुलाची फाइल आली आहे, दरवाजाच्या चौकटीची, त्याची पहिलीच. मोजणी बहुतेक बरोबर आहे, फक्त वरच्या खाचेत दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. तो तुकडा माझ्याकडे नाही, म्हणून त्याला सविस्तर लिहिते आहे: खाच त्याने कुठल्या बाजूने मोजली, कॅलिपर आत शिरला का, आणि शिरला नसेल तर कागदाची घडी घालून एकदा मोजून बघशील का.