घाटात थांबणारी पद्मिनी

चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा झाली, की कर्जतच्या बाजारपेठेतील एका किराणा-व्यापारी कुटुंबाचा एक कार्यक्रम ठरलेला असे. वडिलांनी हौसेने घेतलेली प्रीमियर पद्मिनी धुऊनपुसून दारात उभी राही आणि घरची माणसे तिच्यातून बोरघाट चढून पुण्याला, कात्रजच्या आगम मंदिराच्या दर्शनाला जात. वडील गेले, दारात नवी गाडीही आली; पण वर्षातून ही एक यात्रा पद्मिनीतूनच व्हावी असा थोरल्या मुलाचा आग्रह राहिला. आता तोच पेढीवर बसतो आणि बाजारात त्यालाच सगळे शेठ म्हणतात.

कर्जतहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत गाडी कधी कुरकुरली नाही. खोपोली सोडून घाट सुरू झाला आणि शिंग्रोबाचे देऊळ मागे पडले, की मात्र तिचा जोर ओसरू लागे. आचके देत ती एखाद्या वळणावर थांबे. खोपोली ते खंडाळा हा चढ काही कमी नव्हे; अनेक आगगाड्यांनासुद्धा कर्जतला मागून जादा इंजिने जोडल्याशिवाय हा घाट चढता येत नाही. त्यामुळे जुनी गाडी घाटात थांबली याचे पहिल्या वर्षी कुणाला नवल वाटले नाही.

घाटातल्या प्रत्येक चालकाला या दुखण्याचे निदान तोंडपाठ असते. इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ होते. पंप द्रव पुढे ढकलू शकतो, वाफ त्याला ढकलता येत नाही. म्हणून कार्बोरेटर कोरडा पडतो. उपायही ठरलेला आहे. बॉनेट उघडायचे, पंपावर ओले फडके ठेवायचे आणि अर्धा तास सावलीत बसायचे. कुटुंबानेही तेच केले. अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली आणि फडक्याची कीर्ती वाढली. पुढे एक फडके आणि पाण्याची बाटली डिकीत कायमची राहू लागली.

परंतु पुढल्या फेरीतही तेच झाले आणि त्याच्या पुढल्या फेरीतही. तेव्हा खोपोलीच्या शिळफाट्याजवळच्या मिस्त्रींना बोलावणे गेले. वडिलांच्या काळापासून या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. मिस्त्रींनी कार्बोरेटर उघडला. त्यात एक लहानशी वाटी असते. पेट्रोल तिच्यात ठरावीक पातळीपर्यंत भरते, एक तरंगता फुगा वर येऊन प्रवेशाची सुई बंद करतो, आणि तेथून जेमतेम मिलिमीटरभर भोकाच्या जेटमधून पेट्रोल हवेत मिसळते. वाटीच्या तळाशी तांबूस, पिठासारखा बारीक गाळ होता. मिस्त्रींनी वाटी धुतली, जेट फुंकून साफ केला, गाडी सुरू करून दाखवली. तीन आठवड्यांनी दुखणे परत आले. पुन्हा वाटी, पुन्हा जेट. मग पंपाचा पडदा बदलला, वॉशरचा संच बदलला. प्रत्येक वेळी गाडी काही दिवस सुरेख चाले आणि प्रत्येक वेळी घाटात थांबे.

चौथ्या खेपेला शेठचा मुलगा बोलून गेला, "गाडी एकदाच नीट झाली तर यांचं येणं-जाणं बंद होईल ना!" मिस्त्रींच्या कानावर ते पडले. उत्तर न देता त्यांनी पाने पिशवीत भरले, केलेल्या कामाचे पैसेही घेतले नाहीत, आणि स्टेशनची वाट धरली. शेठ तेव्हा गल्ल्यावर होता. त्याने मुलाला अडवले नाही. खरे तर ती शंका त्याच्याही मनाला शिवून गेली होती.

गाडी विकण्याची भाषा सुरू झाली. विकण्यापूर्वी शेठने जे केले ते मोटार-विद्येतले नव्हते, पेढीवरचे होते. हिशेब जुळत नसला की व्यापारी आकड्यांशी भांडत बसत नाही, नोंदी लावतो. त्याने एका जुन्या वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, ऊन की थंडी, टाकीत किती पेट्रोल, गाडी कुठे थांबली, किती वेळाने सुरू झाली, फडके ठेवले की नाही. काही मागच्या नोंदी आठवून लिहिल्या. पुढे मुद्दाम घाटात पाच-सहा फेऱ्या केल्या.

वही बोलू लागली. पौष महिन्यात पहाटे, धुक्यात, अंगावर शाल घेऊन निघाले असतानाही गाडी थांबली होती. तेथे उन्हाचा दोष कसा लावावा? दोनदा फडके न ठेवता नुसतेच थांबून पाहिले, तरी गाडी अर्ध्या तासाच्या आतच सुरू झाली. म्हणजे इतके दिवस फडक्याच्या नावावर जमा होत होते ते वस्तुतः वाट पाहण्याचे खाते होते. तिसरी गोष्ट अशी, की टाकी गळ्यापर्यंत भरलेली असताना खोळंबा क्वचित झाला होता. तळाशी आल्यावर बहुतेक वेळा.

यानंतरची परीक्षा कुणीही करावी इतकी सोपी आहे, मात्र ती थंड इंजिनावर, उघड्या हवेत आणि ठिणगीपासून दूर राहूनच करावी. टाकीचे झाकण उघडताना आत हवा ओढल्याचा सुस्कारा येतो का ते शेठने आधी पाहिले. येत असता तर झाकणाचा श्वास कोंडला आहे असे ठरले असते. तसे नव्हते. मग कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून तिचे तोंड काचेच्या बाटलीत धरले आणि प्रज्वलनाची तार काढून स्टार्टर फिरवला. पहिल्यांदा धार जोरात आली, पाहता पाहता बारीक झाली आणि थेंबांवर आली. बाटली रात्रभर ठेवली. सकाळी तिच्यात तीन थर दिसले: वर पेट्रोल, त्याखाली ढगाळ पाण्यासारखा बोटभर थर आणि तळाशी तांबडा गंज.

टाकी आतून गंजली होती. चढावर पेट्रोलची मागणी वाढली की गंज ओढ्याबरोबर टाकीतल्या नळीच्या जाळीवर येऊन बसे आणि वाट बंद होई. इंजिन थांबले की ओढ संपे, गंज आपोआप खाली पडे, वाट मोकळी होई. जाळीतून निसटणारी बारीक पूड तेवढी कार्बोरेटरच्या वाटीत येत असे, आणि सगळे जण तीच साफ करीत बसले होते.

एम.जी. किंवा ट्रायम्फसारख्या जुन्या इंग्रजी स्पोर्ट्‌स गाड्या सांभाळणाऱ्यांचे दुखणेही बऱ्याचदा याच जातीचे असते. त्यांना एक सोय अधिक. त्यांतल्या अनेक गाड्यांचा विजेचा पंप टिकटिकतो. पेट्रोलऐवजी हवा ओढू लागला की टिकटिक भरभर होते आणि चालकाला गाडीत बसल्या बसल्या कळते. पद्मिनीचा पंप इंजिनाच्या दांड्यावर चालतो आणि मुका असतो.

बाटली ओट्यावर पाहून बा, म्हणजे शेठच्या आई, सामायिक आटोपून जवळ आल्या. सगळे ऐकून एवढेच म्हणाल्या, "नाळं उघडं ठेवून तळं उपसताय तुम्ही." आस्रव, संवर आणि निर्जरा समजावताना व्याख्यानात तळ्याचा हा दृष्टांत किती वेळा ऐकलेला असतो! आधी येणारे पाणी अडवावे, मग साठलेले उपसावे. येथे तर सगळे वर्षभर उपसणेच चालले होते.

आता नाळे कोठे होते ते शोधायचे. ते सापडले घराच्याच नियमात. आषाढ शुद्ध चतुर्दशीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पद्मिनी बाहेर काढायची नाही, हा वडिलांनी घेतलेला नियम घरात अजून पाळला जातो. नियमात दोष नव्हता. मात्र गाडी उभी करताना टाकीत पाव-अर्धे पेट्रोल तसेच राही. उरलेल्या पोकळीत कर्जतची पावसाळी हवा भरे, रात्री थंड पत्र्यावर तिचे दव धरे आणि तळाशी उतरे. वडिलांच्या काळीही हे होत असणारच, पण अलीकडे पेट्रोलच बदलले. देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २०२२ साली १० टक्क्यांवर आणि २०२५ साली २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, आणि ती मर्यादेबाहेर गेली की पाण्यासह वेगळे होऊन तळाला बसते. जुन्या टाकीतला चिकटलेला मळही ते सोडवते, जुन्या रबरी नळ्या मऊ करते. नव्या गाड्या त्यासाठी घडवलेल्या असतात. कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी तयार झाली तेव्हा हा विचार कुणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते.

संवत्सरीला अजून कितीतरी महिने होते. शेठने तेवढी वाट पाहिली नाही. पाक्षिक प्रतिक्रमण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो मुलाला आणि बाटलीला घेऊन खोपोलीला गेला. मिस्त्री एका रिक्षाखाली आडवे झाले होते. बाहेर येईपर्यंत दोघे उभेच राहिले. मुलाने हात जोडले, "मिच्छामि दुक्कडम्" म्हटले, आणि मिस्त्रींना त्याचा अर्थ ठाऊक नसेल म्हणून चाचरत मराठीतही म्हणाला, "काका, मी चुकीचं बोललो. माफ करा." शेठ म्हणाला, "मिस्त्री, तो बोलला, पण मनात माझ्याही आलं होतं."

मिस्त्रींनी हात पुसले, बाटली उजेडात धरली, हुंगली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेठ, चूक माझीपण आहे. टाकी उतरवायला दिवस जातो, कार्बोरेटर अर्ध्या तासात होतो. घाईच्या कामात मी टाकीकडे बघितलंच नाही."

टाकी उतरवली. आत खडी घालून दोघांनी तासभर हलवली, रॉकेलने पुन्हा पुन्हा धुतली. निघालेले तांबडे पाणी गटारात न सोडता, जयणा म्हणून, डब्यात भरून ठेवले. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घातल्या, पंपाच्या अलीकडे पारदर्शक फिल्टर बसवला आणि मिस्त्रींनी जेट एक नंबर मोठा घातला. मजुरी त्यांनी घेतली, मागचीसुद्धा; शेठने ती वहीतून मोजून दिली.

आषाढात चतुर्दशीच्या दोन दिवस आधी मिस्त्री पिशवी घेऊन लोकलने कर्जतला आले. टाकी पूर्ण रिकामी केली, मुलाने खाली डबा धरला, आणि नळ्यांतले उरलेसुरले पेट्रोल जळून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवले. कार्तिकी पौर्णिमेनंतर ताज्या पेट्रोलवर गाडी निघाली. शिंग्रोबाला नेहमीप्रमाणे नाणे वाहिले गेले. खंडाळ्याला धुक्याने काच धुरकटली, तेव्हा डिकीतले फडके ती पुसायला उपयोगी पडले.