रान सर्वांचे, राखण कोणाची?

गेल्या तू बिश्वातच्या दिवशी आमच्या धाकट्या नातीने शाळेतून येताना हातात एक रोप आणि तोंडात एक प्रश्न आणला. "आजोबा, केरेन कायेमेतचे रान कोणाचे?" आम्ही सवयीने उत्तर दिले, "सर्वांचे." ती तत्काळ म्हणाली, "मग ते राखतो कोण?" ह्या प्रश्नापुढे आम्ही निरुत्तर झालो. मात्र त्याच रात्री कपाटातील पत्रांचे एक जुने पुडके बाहेर काढले.

ही पत्रे आमच्या बालमित्राची. मुरूडला त्याच्या घराची आणि आमच्या घराची भिंत एकच होती. तो कोकणी मुसलमान, आम्ही बेने इस्राएल. पण आंब्याच्या दिवसांत दोन्ही घरांची अढी एकाच माळ्यावर लागे. १९६६ साली आम्ही इस्राएलला आलो. १९८० साली तो पोटामागे सौदी अरेबियात गेला आणि खमीस मुशैत ह्या गावी वायरमन म्हणून राहिला. तेथून इस्राएलला पत्र टाकण्याची सोय नव्हती. म्हणून तो मुरूडला आपल्या भावास लिही, आणि भाऊ आतील चिठ्ठी नव्या पाकिटात घालून आम्हांस धाडी. महिना-दीड महिन्याने का होईना, पण पत्र येई.

खमीस मुशैत हे नाव वाचून आपल्यापैकी कित्येकांस योम हमिशी आठवेल, आणि ते योग्यच आहे. खमीस म्हणजे गुरुवार. तेथील मुशैत घराण्याच्या गावी भरणाऱ्या गुरुवारच्या बाजारावरून गावास हे नाव पडले. आमच्या मित्राला अरबस्तान म्हणजे केवळ वाळू असे वाटत होते. परंतु हे गाव असीर प्रांताच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटर उंचीवर आहे. पश्चिमेस आभा शहर ओलांडून सूदाच्या डोंगरावर, सुमारे ३००० मीटरपर्यंत चढले की धुके लागते आणि धुक्यात अरअरचे रान लागते. अरअर म्हणजे जुनिपर; सुरूच्या दूरच्या नात्यातले, अतिशय सावकाश वाढणारे झाड. "इथे उन्हाळ्यात पाऊस पडतो, दोस्ता," त्याने पहिल्याच पत्रात लिहिले होते, "आपल्याच पावसाची कड असावी."

ते रान त्याच्या डोळ्यांदेखत सरकारी उद्यान झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या साहाय्याने आखलेले असीर राष्ट्रीय उद्यान १९८० च्या सुमारास आकारास आले. त्याचा विस्तार सुमारे साडेचार लाख हेक्टर असून ते तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यापासून डोंगरकडा चढून पूर्वेच्या वाळवंटाच्या कडेपर्यंत पसरले आहे. सहलीच्या जागा झाल्या, रस्ते झाले, झाडतोडीस मनाई झाली. तरीही दहा-बारा वर्षांत त्याच्या पत्रांचा सूर पालटला. कड्याच्या खालच्या अंगाची झाडे शेंड्यापासून वाळू लागली होती. पूर्वी असीरच्या घरांची छपरे अरअरच्या खोडांवर उभी राहत आणि चुलीत त्याचाच कोळसा जळे. आता घरे सिमेंटची झाली, चुलीच्या जागी गॅस आला. "तोडणारा कमी झाला, मग झाड का मरते?" असे त्याने विचारले होते.

ह्या प्रश्नाचा अभ्यास पुढे शास्त्रज्ञांनी पुष्कळ केला. कमी उंचीवर ऊष्मा आणि कोरडेपणा वाढला, हे एक कारण. जुनी झाडे मरत असता खाली नवी रोपे उभीच राहिली नाहीत, हे दुसरे. आणि ती न उरण्यामागे चराईचा जुना इतिहास आहे. अरबस्तानात हिमा नावाची फार प्राचीन रीत होती. गाव किंवा कबिला आपल्या शिवारातील एक भाग राखून ठेवी. तेथे गुरे कधी सोडावयाची, गवत कोणी व केव्हा कापावयाचे, हे गावच ठरवी. नियम मोडणाऱ्यास दंडही गावच करी. १९५० च्या दशकात राजाज्ञेने हे हिमा सर्वांस खुले करण्यात आले. हेतू चांगला होता: कुरण काही जणांपुरते न राहता सर्वांचे व्हावे. पण ट्रक आले, पाण्याच्या टाक्या आल्या, दूरदूरचे कळप चढून आले. जे सर्वांचे झाले त्याला राखणदार उरला नाही. काही थोडे हिमा गावकऱ्यांच्या निष्ठेमुळे टिकले, इतकेच.

हे वाचले तेव्हा आम्हांस फणसाड आठवले. मुरूडजवळचे हे रान पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान होते. १९८६ साली सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे अभयारण्य म्हणून ते घोषित झाले. आमच्या लहानपणी तेथून सुकी लाकडे आणण्याची आसपासच्या गावांची वहिवाट होती. एकदा आम्ही दोघांनी हौसेने एक ओला रोपटा तोडला. वाटेत भेटलेल्या एका म्हाताऱ्या कातकऱ्याने मोळी खाली उतरवून घेतली आणि म्हणाला, "ओले तोडाल तर उद्या सुकेही मिळायचे नाही." तो कोणी शिपाई नव्हता. पण त्याची चूल त्या रानावर पेटत होती, म्हणून त्याचा डोळा रानावर होता. कोकणातील देवराया शतकानुशतके टिकल्या, त्याही अशाच डोळ्यांमुळे.

आता आमच्या स्वतःच्या हिशेबाकडे वळू. बेर शेव्याला आल्यावर आमची पहिली मजुरी यातीरच्या रानात रोपे लावण्याची होती. तेथील लागवड १९६४ साली सुरू झाली होती. वर्षाला जेमतेम अकरा इंच पाऊस, दगडाळ उतार, आणि पुढे ओळीने पाइनची रोपे. थंडीत बोटे फुटत, पण आम्ही मित्रास अभिमानाने लिहीत असू, "तू वाळवंटात तारा जोडतोस, आम्ही रान उभे करतो." त्या काळी ह्या देशात १९५० च्या कायद्याने रानात शेळ्या चारण्यावर कडक निर्बंध होते. शेळी ही रानाची वैरीण, असे आम्हीही मानीत होतो.

पुढे काळाने धडे दिले. एकाच जातीच्या, एकाच वयाच्या पाइनला कीड लागली. १९९५ साली देशव्यापी वनआराखडा मंजूर झाला, आणि ओक, खरूब अशा देशी झाडांच्या मिश्र रानाकडे लक्ष वळले. २०१० च्या डिसेंबरात कार्मेलच्या डोंगरावर वणवा लागून ४४ माणसे मृत्यू पावली. त्यानंतर लोकांच्या ध्यानात आले की खालचे झुडूप खाऊन टाकणारी शेळी आगीस आळाही घालते. २०१८ मध्ये तो शेळ्यांचा कायदाच रद्द झाला. म्हणजे असीरमध्ये चराई सर्वांस मोकळी सोडून रान खालावले, आणि येथे चराई बंद करून आगीला सरपण साचले. रानाला पाळी लावणारा, पाळी मोडू न देणारा शेजारी लागतो; तो दोन्हीकडे हरवला होता.

सहलींचेही तसेच आहे. सूदाच्या डोंगरावर लोकांनी हौसेने खाऊ घातल्यामुळे बबून जातीची वानरे रस्त्यावर उतरून बसतात, असे मित्र लिही. आता तेथे मोठी विश्रामस्थाने उभारण्याची योजना असून २०३३ पर्यंत वर्षाला वीस लाख पाहुणे यावेत असा संकल्प २०२३ साली जाहीर झाला आहे. त्याबरोबर झाडे लावण्याचाही आहे. झाडे अवश्य लावावीत. पण आधी रान जगावे, मग त्याच्या सोसण्याइतके पाहुणे यावेत, आणि लाकूड सर्वांत शेवटी, असा क्रम असावा असे आम्हांस वाटते. सावकाश वाढणाऱ्या अरअरच्या बाबतीत तर लाकडाची पाळी जवळजवळ येतच नाही.

मित्र १९९८ साली मुरूडला परतला. २०११ साली त्याने विचारले, "तू लावलेली झाडे कशी आहेत?" त्या सुमारास अवर्षणाने यातीरमधील कित्येक पाइन वाळले होते. आम्ही ज्या उतारावर कुदळ मारली होती तेथे करड्या खोडांची रांग उभी होती. तरी आम्ही लिहिले, "छान आहेत." त्याने आपले मरते रान आमच्यापासून कधी लपविले नाही, आम्ही मात्र लपविले. तो आता ह्या जगात नाही. त्याला देणे राहिलेले उत्तर ह्या अंकातून देत आहोत: दोस्ता, निम्मी गेली. पण गेलेल्यांच्या जागी, कोणी न लावता, काही रोपे आपणहून उगवली आहेत.

त्या शबातनंतरच्या रविवारी नातीला घेऊन आम्ही तो उतार पाहून आलो. तिने वाकून एका रोपाभोवतीचे प्लॅस्टिक उचलले आणि पिशवीत घातले. कोणी सांगितले नव्हते. राखतो कोण, ह्या तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तेथे मिळाले. तिला ते सांगण्याची गरज पडली नाही.